बसू न देणारे काका

रोह्याच्या एमआयडीसीत मी सव्वीस वर्षं नोकरी केली, त्यातली पयली अकरा बसून. केमिकल कंपनी म्हटलं की लोकांना वाटतं अंगमेहनत. घरी मी पण तेच सांगितलेलं. बायको बिचारी डब्यात पाच भाकऱ्या द्यायची, मेहनतीचं काम हाय म्हणून. मी पाचही खायचो. खोटं पडायला नको.

असं सगळं सुखात चाललेलं असताना काका आमच्या शिफ्टला आले.

माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, काटकुळे, नदीपलीकडं अष्टमीला राहायचे. तोंडावर सगळे काका म्हणायचे, मागं भिंगरी. नाव मी सांगत नाय. ते असते तर म्हणाले असते, नाव काय घेतोस, उठ आधी.

आमचं काम काय ते सांगतो. आमचा प्लँट पाच मजल्यांचा. पण मजले म्हणजे खोल्या नव्हेत, नुसता लोखंडी सांगाडा, जिने आन् पाइप. जागोजागी गेज लावलेले, घड्याळासारखे, त्यात प्रेशर कळतं. दर तासाला एकानं पाटीवर कागद लावून वर जायचं, सगळ्या गेजचे आकडे लिहायचे, खाली यायचं. ह्याला राउंड म्हणतात. शिफ्टला आमी दोघं. एक तास त्यांचा, एक तास माझा. खाली पत्र्याची केबिन, तिच्यात एक टेबल आन् एक खुर्ची. खुर्ची माझी.

काका आले त्या दिवशी मी राउंडला, म्हणजे खरं तर संडासला, गेलो होतो. परत येऊन बघतो तर खुर्ची नाय. वर बघितलं. छताजवळच्या पाइपाला तारेनं टांगलेली.

"काका, खुर्ची वर कशी गेली?"

"मी टांगली."

"का?"

"दोन माणसं, खुर्ची एक. म्हणजे एक जण कायम बसणार. भांडण नको."

"मी कुठं भांडलो?"

"तू कशाला भांडशील? तू बसलेला."

मी रोज टेबलावर चढून ती खुर्ची काढायचो. ते रोज परत टांगायचे. पुढं कंपनीच्या डॉक्टरनं तपासताना विचारलं, व्यायाम काही करता का, तेव्हा मी व्हय म्हटलं. मनात तेच होतं. डॉक्टरनं तरी कागदावर साखर लिहिली आन् वजनाच्या काट्याकडं बघून नुसतं हूं केलं.

काकांना मी कंपनीत चहा पिताना पण उभंच बघितलं. बोलायची पद्धत पण तशीच, चालता चालता. त्यांचं उत्तर पाहिजे असेल तर मागं मागं जावं लागायचं. मी बरेच प्रश्न त्यामुळं विचारलेच नाय.

एकदा पयल्या शिफ्टला चहाच्या वेळी मला म्हणाले, "आज उठल्यापासनं उभा किती राहिलास, मोज."

मी मोजायला लागलो. घर पेणला रामवाडीत, बसचा थांबा दारासमोर. थांब्यावर दगड हाय, त्याच्यावर बसतो. पेणहून रोह्यापर्यंत बसमधी बसतो. इथं येऊन बसतो. तीनला परत बस. घरी गेलो की खाटेवर.

"दाढी करताना तरी उभा असशील?"

"आरसा खिडकीत ठेवून बसूनच करतो."

काका म्हणाले, "तुमच्या पेणचं बरोबर हाय. तिथं गणपती पण बसवतात आन् माणसं पण."

शिफ्टबद्दल त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. आमची शिफ्ट आठवड्याला बदलायची. पयली सात ते तीन, दुसरी तीन ते अकरा, तिसरी रात्रीची. आमी बाकीचे सगळे म्हणायचो, शिफ्टमुळं शरीराची वाट लागली, काय करणार, टाइमच नाय. काकांना हे ऐकून राग यायचा. ते म्हणायचे, "शिफ्ट कंपनीची, दिवस आपला."

पयल्या शिफ्टला दुपारनंतर त्यांचं शेत. तिसऱ्या शिफ्टला सकाळी सुटले की आमी बसमधी घोरत घरी, ते चालत अष्टमीला. तासभर चाल. वर वालाच्या शेतात दहापर्यंत, मंग झोप, ती थेट चारपर्यंत. मी सकाळी आठला पडायचो आन् दर अर्ध्या तासानं डोळे उघडून कोंबड्याला शिव्या द्यायचो. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "झोपेला पण भूक लागावी लागते. तू रात्रभर बसून तिची भूक मारतोस."

सगळ्यात वाईट त्यांच्या मते दुसरी शिफ्ट. मला ती आवडायची, सकाळ सगळी मोकळी म्हणून. काका म्हणाले, "सकाळी काय करतोस?"

"काय नाय. दोनला बस असते."

"म्हणजे सातपासनं दोनपर्यंत बसची वाट बघतोस. सात तास. बसून."

मी म्हटलं, "आडवा पण असतो."

कंपनीची बस रोह्यात वळली की अष्टमीच्या रस्त्यावर काका दिसायचे. ड्रायव्हर हॉर्न मारायचा. ते बघायचे नाय, नुसता हात हलवायचे, जा म्हणून. नवीन ड्रायव्हर आला की पयल्या आठवड्यात गाडी थांबवायचा. मंग त्याला पण कळायचं.

माणसाचा चेहरा ते नंतर बघायचे, आधी बूट. कंपनी वर्षाला एक जोड सेफ्टी बूट द्यायची. काकांचे पाच महिन्यांत फाटायचे आन् स्टोअरवाला दुसरे द्यायला तयार नसायचा. माझे तीन वर्षांपूर्वीचे अजून नवे. एके दिवशी मला म्हणाले, "तळ दाखव." मी पाय वर केला. तळाला कंपनीचा छाप जसाच्या तसा, वाचता येईल असा. काकांनी तो वाचला पण, मोठ्यानं, सगळ्या लोकांत.

मला लाज वाटली. म्हणून मी काय केलं, पुढचे चार दिवस खुर्चीवर बसून सिमेंटच्या फरशीवर बूट घासले. पोटऱ्या दुखल्या माझ्या. छाप गेला तेव्हा स्वतःहून काकांना पाय दाखवला.

त्यांनी बूट हातात घेतला, फिरवून बघितला. "हा घासलेला हाय, चाललेला नाय. चाललेला बूट टाचेला बाहेरनं झिजतो. तुझा मधोमध झिजलाय." मंग बूट परत दिला. "एवढ्या वेळात दोन राउंड झाल्या असत्या."

आता खरं सांगायचं ते सांगतो. मी राउंड घेत नव्हतो. पाचव्या मजल्यावर तर मी नोकरीला लागलो त्या महिन्यात गेलो होतो, नंतर नाय. आकडे केबिनीत बसून लिहायचो. मी चौथीपर्यंत शिकलो, तिथनं पुढं शाळेनंच मला सोडलं, पण आकडा झकास काढतो. ते पण तासातासाला लिहायचा कंटाळा, म्हणून साडेसातलाच माझे सगळे तास भरून ठेवायचो. नऊ, अकरा, एक, तीन. काकांच्या जागा मधल्या मधी कोऱ्या. आकडे तरी काय मोठे बदलतात! पाचव्या मजल्याच्या गेजवर मी पयल्यांदा गेलो तेव्हा चार पॉइंट दोन होतं. मी कायम चार पॉइंट दोन लिहिलं. विश्वास ठेवला त्याच्यावर.

काकांना हे माहीत होतं. खुर्ची टांगायचे, बूट बघायचे, टोमणे मारायचे, पण साहेबांकडं जाऊन बोलले नाय कधी. माझ्या तासाला कधी कधी तेच परत वर जायचे. मी विचारलं तर म्हणायचे, पंपाचा आवाज ऐकायचा राहिला. हे खोटं नव्हतं. मोठा पाना पंपाला टेकवायचे, दुसरं टोक कानाला, डोळे मिटायचे. एकदा असंच ऐकून म्हणाले, हा दोन दिवसांत बसणार. साहेबलोक हसले. तिसऱ्या दिवशी पंप बसला. तेवढंच काय ते कंपनीत काकांसमोर बसलेलं चाललं.

आता तिकडं सगळं पॅनलवर दिसतं. काका रिटायर झाल्यावर आला तो. पण तो आधीच यायचा होता, दोन वर्षं आधी, आन् राहिला कसा ते सांगतो.

साहेबांनी आमाला सांगितलं की नवीन पॅनल बसवायचा विचार हाय, सगळे आकडे पडद्यावर येतील. राउंड बंद. राउंडवाली माणसं पॅनलरूममधी, खुर्च्यांवर, एसी लावून. मी मनात नारळ फोडला. काका सरळ साहेबांच्या केबिनीत गेले. त्यांची दोन वर्षं राहिलेली. म्हणाले, "साहेब, माझी दोन वर्षं तेवढी राउंडवर जाऊ द्या. मला बसवू नका."

साहेब पुण्याचे, शांत माणूस. म्हणाले, "काका, तुमच्या राउंडमधून जे कळतं ते पडद्यावर कळणार नाही, हे मला दाखवा. मी कागद मागवतो. महिन्याचे आकडे बघतो. उपयोग दिसला तर राउंड ठेवू."

काका खुशीत बाहेर आले. त्यांना कागदांची भीती नव्हती. आकडे त्यांचे खरे होते ना.

शनिवारी आमा दोघांना बोलावलं. टेबलावर त्या आठवड्याचे कागद. साहेबांनी एक उचलला आन् वाचायला लागले.

"पाचवा मजला, कॉलमचा गेज. आठ वाजता, गेज काढला आहे. नऊ वाजता, चार पॉइंट दोन. दहा वाजता, गेज काढला आहे. अकरा वाजता, चार पॉइंट दोन. बारा वाजता, गेज काढला आहे."

झालं असं होतं, सोमवारी सकाळी तो गेज तपासायला काढून नेला होता, त्या जागी प्लग, म्हणजे बूच, मारलेला. सहा दिवस तिथं गेज नव्हता. सहा दिवस काकांनी तसं लिहिलं. आन् सहा दिवस मी नसलेल्या गेजचं प्रेशर लिहिलं, आगाऊ.

"खाली सही दोघांची आहे," साहेब म्हणाले. "कोणाचे तास कोणते?"

मी बुटाकडं बघत होतो. काका म्हणाले, "साहेब, ते मी नाय सांगणार."

"म्हणजे एक माणूस वर जातो, एक जात नाही. कोण ते मला कळत नाही. मग या कागदावर मी विश्वास कसा ठेवू?" साहेबांनी कागद खाली ठेवले. "बुधवारी पॅनलचे लोक मुंबईहून येतायत. त्यांना हो सांगतो. एक तारखेपासून राउंड बंद."

बाहेर आल्यावर काका सरळ निघाले. भिंगरी होती ती, पण त्या दिवशी गेटपर्यंत हळू गेली.

मी रविवारी जेवलो नाय. म्हणजे तीनच भाकऱ्या खाल्ल्या. सांगावं तर नोकरी जाणार, न सांगावं तर काका खुर्चीवर जाणार. आन् मला तर खुर्चीच पाहिजे होती, ही खरी पंचाईत.

पुढचा आठवडा दुसऱ्या शिफ्टचा. मंगळवारी सकाळी एसटी पकडून रोह्याला उतरलो, पूल ओलांडून अष्टमीला गेलो. पूल संपेपर्यंत मला दोनदा कठड्याला धरून उभं राहावं लागलं. काका शेतावर होते. काकी अंगणात वालाच्या शेंगा सोलत होत्या.

"बस रे बाबा," त्या म्हणाल्या. त्या घरात हे ऐकून बरं वाटलं.

मी विचारायच्या आधीच त्या बोलायला लागल्या. "शनवारपासनं जेवण नाय धड. शेतात जातात ते दुपारीच तोंड दाखवतात. म्हणतात, बसवणार मला. माझे सासरे गोदामावर राखणदार होते, ठावं हाय तुला? बारा-बारा तास स्टुलावर. एक आठवडा दिवसा, एक रातचं. पाय असे सुजायचे, वहाण जात नव्हती. शेवटाला ओटीवरनं अंगणात उतरवायला माणूस लागायचा. ह्यांनीच उतरवलंय रोज. तवापासनं हे असे."

मी पाटीतली एक शेंग उचलून सोलत राहिलो.

"तिथं तर तुमी दोघंच असता ना?" काकी म्हणाल्या. "मंग ते खोटं लिहिलं कोनी?"

"चौकशी चालू हाय, काकी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या पोटाकडं बघितलं, आन् शेंगांची पाटी माझ्यापुढनं उचलून आत नेली.

काका आले. मला बघून म्हणाले, "पेणचा गणपती हिकडं कसा?" जेवले, चार घास. मंग म्हणाले, चल, दोन वाजत आले, चालत जाऊ. मी म्हटलं बस येईल. ते ओटीवरनं उतरले पण होते.

पुलावर मी विचारलं, "काका, साहेबाला माझं नाव का नाय सांगितलंत?"

"माझे पाय कुठं कुठं गेले ते मी सांगीन. तुझे कुठं गेले ते तू सांग."

"माझे कुठंच गेले नाय."

"मंग ते सांग."

पुढं मी बोललो नाय, कारण श्वास नव्हता. त्यांची तासाची चाल मला पावणेदोन तासांची झाली. मी म्हणत होतो, तुमी पुढं व्हा काका, शिफ्ट चुकेल. ते चार पावलं पुढं जायचे, उभे राहायचे. मी पोचलो की परत चार पावलं. त्यांना तसं उभं राहणं किती जड जात होतं ते दिसत होतं मला.

गेटवर तीन वाजून चाळीस मिनिटं. वॉचमननं माझं नाव लेट म्हणून लिहिलं, त्यात काय नवीन नव्हतं. मंग काकांकडं बघितलं. "काका, तुमी लेट? तुमचं पण लिहू?"

"लिही," काका म्हणाले. "आलोय लेट तर लिही."

एवढ्या वर्षांत त्यांचं नाव त्या वहीत गेलं नव्हतं. खरं ते लिही म्हणाले आन् आत गेले, कपडे बदलायला.

मी कपडे नाय बदलले. तसाच घामानं निथळत साहेबांच्या केबिनीत गेलो. साहेबांना वाटलं आग लागली.

"काय झालं?"

"साहेब, चार पॉइंट दोन माझं."

"कोणत्या दिवसाचं?"

"सगळ्या दिवसांचं."

"म्हणजे या आठवड्यात तुम्ही वर गेलाच नाही?"

"या आठवड्यात नाय. गेल्या पण नाय. नोकरीला लागलो तेव्हा एकदा गेलेलो, साहेब. तेव्हा चार पॉइंट दोनच होतं."

साहेबांनी मनात हिशेब केला. "अकरा वर्षं?"

"व्हय. पण काकांचा आकडा एक पण खोटा नाय, साहेब. त्यांचे तास आठ, दहा, बारा, दोन. बाकीचे माझे. त्यांचेच तेवढे बघा, माझे खोडा. मला काढा, पण त्यांची राउंड काढू नका."

साहेबांनी काकांना बोलावलं. काका आले, दारातच उभे राहिले.

"काका, हा सांगतोय ते खरं?"

"आता सांगितलंन् काय? मंग खरं."

"याला कामावरून काढलं पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?"

मी जमिनीकडं बघत होतो. बायकोला काय सांगायचं, त्याची मनात जुळवाजुळव चालू झाली होती.

"काढू नका, साहेब," काका म्हणाले. "काढलंत तर हा घरी बसेल. तिथं तर राउंड पण नाय."

साहेब हसले नाय. हसले असते तर मी सुटलो असतो. त्यांनी मेमो दिला, माझ्या सहीसकट. सांगितलं, पॅनल दोन वर्षांनी बघू, काकांच्या आकड्यांवर राउंड चालू राहतील. पण इथून पुढं तास वाटायचे नाहीत. दर तासाला दोघांनी मिळून वर जायचं, आणि साहेब स्वतः कधीही मागून येऊन बघतील. म्हणजे माझ्या चाराच्या राउंड झाल्या आठ. कायदा कुठला होता काय माहीत, पण मी विचारलं नाय.

दुसऱ्या दिवशी चार वाजताची पयली राउंड. पाटी माझ्या हातात. पयला मजला ठीक गेला. दुसऱ्यावर बोलणं बंद झालं. तिसऱ्यावर मी जिन्याच्या पायरीवर टेकायला गेलो तर वरनं आवाज आला, "दम खा. बसू नको." चौथ्याचा जिना मी हातानं चढलो म्हटलं तरी चालेल, पाय मागनं आले.

पाचव्यावर काका उभे होते. गेज परत लावलेला, काच पुसलेली. मी कठड्याला धरून श्वास घेतला आन् समोर बघितलं. खाली कंपन्यांची पत्र्याची छपरं, त्यापलीकडं कुंडलिका, वळण घेऊन गेलेली, उन्हात चमकत. वरनं धरणाचं पाणी सोडलेलं असावं, दोन्ही काठ भरून चाललेली. लांबवर अष्टमीचा पूल, काडीएवढा.

"काका," म्हटलं, "हिकडनं नदी दिसते?"

"रोज दिसते."

"बोलला नाय कधी."

"कोणाला बोलू?" काका पुढच्या गेजकडं निघाले होते. "तू खाली बसलेलास."